करिष्मा

निवडणुकीच्या बातम्यांत नेत्याचा ‘करिष्मा’ हमखास भेटतो. या शब्दात दोन वेगळ्या शब्दांची सरमिसळ झाली आहे. फारसी ‘किरिश्मा’ म्हणजे नेत्रकटाक्ष, नखरा. हिंदी-उर्दूत त्याचा चमत्कार झाला. ग्रीक ‘खारिस्मा’ निराळा. ‘खारिस’ म्हणजे कृपा आणि खारिस्मा म्हणजे कृपेने मिळालेलं दान. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने तो पुढाऱ्यांना लावला.

बायबलमधल्या संत पौलाने मात्र तो पापी माणसासाठी वापरला. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात ‘खारिस्मा’समोर ‘ऑप्सोनिया’ हा शब्द उभा आहे. ‘ऑप्सॉन’ म्हणजे भाकरीबरोबरचं कोरड्यास. त्यावरून शिपायाचा शिधा, मग पगार. पाप आपल्या चाकराला चोख पगार देतं, तो मरणाचा. देवाकडून मिळतं ते सार्वकालिक जीवन मात्र खारिस्मा, न कमावलेलं.

एवढं सांगूनही सातव्या अध्यायातला ‘मी’ कबूल करतो, की भलं करायचं मनात असूनही हातून वाईटच घडतं. पापाशी झुंज संपलेली नाही. आठव्या अध्यायात पौल विजयाची भाषा बोलतो तीही ख्रिस्ताच्या प्रीतीच्या जोरावर; स्वतःच्या पुण्याईचा त्यात वाटा नाही.