टोपीवरून गोत्र

माझे बालपण रत्नागिरीच्या समुद्रकाठी गेले. ओहोटी लागली की उघड्या पडलेल्या खडकांवर टोपीच्या आकाराचे चिमुकले शंख दिसत. अंगठ्याने कितीही रेटा, जागचे हलत नसत. ते सारे एकाच जातीचे, असे मी खुशाल समजत असे. पुढे वाचनात आले की, हीच चूक माझ्याआधी एका फार थोर माणसाने केली होती!

स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली प्राण्यांची मोठी नोंदवही प्रसिद्ध केली. टोपीसारख्या शंखांना त्याने नाव दिले ‘पॅटेला’, म्हणजे लॅटिनमध्ये छोटी ताटली. युरोपच्या खडकांवरचा लिंपेट त्यात होताच. पण माथ्यावर भोक असलेला, सपातेसारखा दिसणारा, फार काय, गोड्या पाण्यातलाही त्याने त्याच पंगतीला बसवला. टोपी पाहिली, गोत्र विचारले नाही!

गोत्र सापडले ते जिभेवर. गोगलगायींच्या जिभेवर बारीक दातांच्या रांगा असतात. त्या तपासून जर्मन पंडित ट्रोशेल याने १८६६ साली खऱ्या लिंपेटांचा गट निराळा काढला. यांचे दात मोजके पण दणकट. त्यांत लोहाचे खनिज असते. खडकावरचे शेवाळ खरवडून खाणाऱ्याला असेच दात हवेत. २०१५ साली इंग्लंडमध्ये केलेल्या चाचणीत ते कोळ्याच्या धाग्याहूनही चिवट ठरले.

मग आनुवंशिक द्रव्याची तपासणी आली. २०१९ सालच्या एका अभ्यासानुसार गोगलगायींच्या वंशवृक्षाला अगदी बुंध्याशी जी फांदी फुटली, तिच्यावर खरे लिंपेट बसतात. भोकवाले त्याच फांदीचे, म्हणून दूरचे चुलत म्हणावेत. सपातेवाले मात्र परक्या फांदीवरचे. लाटांच्या माऱ्यात टिकायला बसकी टोपी सोयीची, म्हणून ती वेगवेगळ्या घराण्यांनी आपापली घडवली.

गेल्या दिवाळीत नातीला घेऊन त्याच खडकांवर गेलो. दोन टोप्या शेजारी शेजारी होत्या. एक नीट गोलसर, ती खऱ्या लिंपेटाची. दुसरीची उजवी कड किंचित फुगलेली, ती सायफोनेरियाची. हा हवेत श्वास घेतो आणि आपल्या परसातल्या गोगलगायीचा जवळचा नातलग आहे.

“आजोबा, हे दोघे भाऊ ना?” नातीने विचारले.

“नाही गं,” मी म्हटले, “नुसते शेजारी. पण सख्ख्या भावांसारखे दिसतात खरे!”