अभ्र, अभ्रक आणि अबरी

आमच्या शहरातल्या गारखेडा परिसरात नव्या घराचं काम काढलं की ओट्याचा प्रश्न येतोच. एके काळी त्याचं उत्तर एका शब्दात संपायचं: कडप्पा. आंध्रातल्या गावाचं नाव आपण दगडालाच देऊन टाकलं, जसं कर्नाटकातल्या शहाबादचं फरशीला दिलं. आता ओट्यावर, टेबलावर, बैठकीच्या भिंतीवर रंगीत एपॉक्सी ओतून घेतात आणि त्या कामाला सर्रास 'मार्बल इफेक्ट' म्हणतात. मला हे नाव पटत नाही. या कामाच्या जवळचं एक नाव दख्खनमध्ये पूर्वीपासून आहे, अबरी. आणि एपॉक्सीसाठी रंग निवडायचे तर 'मार्बल'पेक्षा 'अबरी' डोक्यात ठेवलेली बरी.

आधी 'संगमरवर'. फारसीत संग म्हणजे दगड आणि मरमर हे ग्रीक 'मारमारोस'चं रूप. ग्रीकात तो आधी नुसता खडक होता; 'चमकणे' या अर्थाच्या क्रियापदाशी नाद जुळला आणि त्याला चकचकीत दगडाचा अर्थ चिकटला. हिंदी-उर्दूने 'संगमरमर' तसाच ठेवला. मराठी जिभेला मात्र 'मर-मर' अशी पुनरुक्ती सोसली नाही. दुसऱ्या म चा व झाला. इंग्रजीतही असंच घडलं. तिकडे फ्रेंच 'मार्ब्र'मधला दुसरा र जाऊन ल आला आणि 'मार्बल' झालं. दोन भाषा एकाच शब्दावर अडखळल्या, फक्त वेगवेगळ्या जागी.

संगमरवराची हौस आणि त्याची टंचाई, दोन्ही या शहराने पूर्वीच पाहिल्या आहेत. सतराव्या शतकात उभ्या राहिलेल्या बिबी का मकबऱ्यात घुमट संगमरवरी आहे, खालच्या पट्ट्यालाही संगमरवर आहे. मधल्या बऱ्याचशा भागात काळा दगड आणि त्यावर घोटून गुळगुळीत केलेला पांढरा चुन्याचा गिलावा आहे. तो गिलावा मला संगमरवराची उणीव झाकणारा कधीच वाटला नाही. चुन्याचं काम म्हणूनच तो उत्तम आहे.

आता 'अबरी'. फारसीत अब्र म्हणजे ढग. ज्याच्यावर ढग उमटले आहेत ते अबरी. डिंकासारख्या चिकट पाण्यावर रंगाचे थेंब सोडायचे, काडीने हलवायचे आणि वर अलगद कागद टेकवायचा, की रंग कागदावर उतरतो. पोथीच्या पुठ्ठ्याला, चित्राच्या हाशियाला हा कागद लावत. दख्खनमध्ये ही कला इतकी रुजली, की सतराव्या शतकातल्या विजापुरी चित्रांमध्ये हडकुळ्या घोड्याचं अख्खं अंग अबरीने भरलेलं दिसतं. असं एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. घोड्याच्या फासळ्या आणि रंगाच्या लाटा एकमेकींत अशा मिसळल्या आहेत, की कोणती रेघ चित्रकाराची आणि कोणती पाण्याची हे शोधत बसावं लागतं. तुर्कांनी याच कलेला 'एब्रू' म्हटलं. काहींनी त्याची फोड आब-रू, म्हणजे पाण्याचा चेहरा, अशीही केली. आपली 'अब्रू' तीच: आब अधिक रू, चेहऱ्यावरचं पाणी.

फारसी अब्र आणि संस्कृत अभ्र ही सख्खी भावंडं. 'आकाश अभ्राच्छादित राहील' हे हवामानाच्या बातमीतलं वाक्य आपण रोज ऐकतो आणि 'आभाळ'ही याच कुळातलं. या कुळातला तिसरा शब्द एपॉक्सीवाल्याच्या डब्यात असतो, तो म्हणजे अभ्रक. दुकानात मागताना 'पर्ल पावडर' किंवा 'मायका पावडर' म्हणतात, पण आत असतं ते अभ्रकच. त्याच्या पातळ चकत्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा किंवा लोहाच्या ऑक्साइडचा बारीक थर चढवलेला असतो. टायटॅनियमचा थर किती जाड, त्यावर चंदेरी दिसणार की सोनेरी की निळसर, ते ठरतं. रंगाच्या कार्डावर 'मोती' लिहिलेलं असलं तरी पुडीत मोती नसतो. जुन्या विजेच्या इस्त्रीत तापणारी तार ज्यावर गुंडाळलेली असायची, तोच हा पापुद्रा. रसशास्त्राच्या ग्रंथांत अभ्रकाला गगन आणि व्योम अशीही नावं आहेत.

मराठी परिभाषेने इथे एक फरक नेमका टिपला आहे. जो रंग विरघळतो तो रंजक. जो विरघळत नाही, नुसता कणांनी पसरून राहतो, तो रंगद्रव्य. दोन्हींचं मूळ रञ्ज् धातूत आहे. राग, अनुराग, रक्त, विरक्त हेही तिथलेच, आणि गुलमंडीजवळच्या रंगार गल्लीचं नावही. एपॉक्सीत ढग उमटवायचे तर मुख्य भिस्त रंगद्रव्यावर. पाण्यात कालवलेले चित्रकलेचे रंग टाळावेत. त्यातलं पाणी एपॉक्सीची राळ आणि तिला घट्ट करणारा हार्डनर यांच्या जुळणीत आडवं येतं.

'एपॉक्सी' या नावातही रसायन लपलेलं आहे. ग्रीक 'एपि' म्हणजे वर; आपला 'अपि' त्याचाच नातलग. 'ऑक्सी' हा ऑक्सिजन. दोन कार्बनवर पूल टाकून बसलेला ऑक्सिजनचा अणू, असा त्याचा अर्थ. हार्डनर भेटला की तो पूल उघडतो आणि साखळ्या एकमेकींत अडकतात. १९४६ साली बाजारात आलेल्या अरल्डाइटच्या दोन नळ्यांचा खेळही हाच.

रंग निवडताना छटेइतकंच कणांच्या वजनाकडे पाहावं, आणि हे कार्डावर लिहिलेलं नसतं. राळ पाण्याहून जराशीच जड असते. अभ्रक पाण्याच्या पावणेतीन पट जड, तर टायटॅनियमचा पांढरा चौपटीच्याही वर. म्हणून पातळ राळेत पांढऱ्याचा थेंब सोडला की तो वरच्या निळ्याला सोबत ओढत खाली जातो. हे नको असेल तर मिश्रण काकवीसारखं दाट होऊ द्यावं आणि मगच पांढऱ्या शिरा ओढाव्यात. हवं असेल तर पातळ असतानाच सोडावा; सुंदर जाळी पडते. पुडी मात्र हात राखून घालावी. वजनाच्या पाच-सहा टक्क्यांपलीकडे गेलं की राळ नीट धरत नाही आणि ढगांची पारदर्शकताही जाते. एकाच ओतण्यात दोन अभ्रकी रंग आणि एक अपारदर्शक, एवढे पुरतात. चार-पाच चमकदार पुड्या एकत्र केल्या की सगळं मिळून राखाडी होतं.

निळ्याचं थोडं जास्त सांगायला हवं. अजिंठ्याच्या चित्रांतला निळा बदख्शानच्या लाजवर्द दगडाचा. त्याच नावावरून लॅटिनचा 'लाझुली' आला आणि फ्रेंचांनी सुरुवातीचा ल उपपद समजून सोडला तेव्हा 'अझूर' झाला. समुद्रापलीकडून येतो म्हणून युरोपात या रंगाला 'अल्ट्रामरीन' म्हणू लागले. १८२०च्या दशकात तो कारखान्यात बनू लागला आणि धुण्याच्या निळीच्या पुडीपर्यंत पोचला. एपॉक्सीत तो छान बसतो, पण उन्हाने राळच पिवळी पडते. पिवळ्याखाली निळा गेला की हिरवट दिसतो आणि पांढरा तर सर्वांत आधी मळकट होतो. मराठवाड्याच्या उन्हात पश्चिमेच्या खिडकीखाली पांढरं-निळं ओतून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे हिरमजी, गेरू, काव ही मातीची घराणी वापरावीत. हिरमजीचं नाव इराणच्या आखातातल्या होर्मुझ बंदरावरून आलं. तिथून ही लाल माती जहाजांतून जायची. या रंगांवर पिवळी झाक आली तरी बिघडत नाही, उलट ते अधिक उबदार दिसतात.

दगड आणि ढग भाषेत फार पूर्वीपासून शेजारी राहतात. संस्कृतात अश्मन् म्हणजे दगड. त्याचाच इराणी भाऊ 'अस्मन्' अवेस्तात दगडही आहे आणि आकाशही. तोच आपल्याकडे अस्मान होऊन आला. मराठीतल्या 'गार'चंही तसंच. आभाळातून पडते तीही गार, शेतात सापडणारी गारगोटीही गार. गारखेड्याच्या नावात हा शब्द रोज कानावर पडतो, आणि एपॉक्सीच्या फरशीला टणकपणा यावा म्हणून तिच्यात जी पांढरी भुकटी मिसळतात, ती गारगोटीचीच असते.