मत्स्यपात्रातील मृत्यू आणि 'समतोल' हा शब्द

काचेच्या पात्रात नाना जातींचे मासे एकत्र ठेवावेत, पाणी नितळ दिसावे, खाद्य वेळेवर पडावे, आणि तरीही आठ-पंधरा दिवसांच्या आत एकामागून एक मासा पोट वर करून तरंगू लागावा, हा अनुभव मासे पाळणारास नवा नाही. मेलेल्याच्या जागी नवा मासा आणला तर तोही त्याच वाटेने जातो. या मृत्यूचे कारण शोधण्याचा इतिहास १८४९ पासून पुढे सुमारे सव्वाशे वर्षांचा आहे. या इतिहासातील लक्षणीय गोष्ट अशी की, उत्तराचा मोठा भाग १८९० पर्यंत शास्त्रज्ञांच्या हाती आलेला होता. परंतु तो मत्स्यपात्राच्या काठापर्यंत पोचण्यास आणखी साठ-सत्तर वर्षे लागली. या विलंबाचा विचार करताना उपकरणांच्या उणिवेपेक्षा एका शब्दाच्या समाधानकारकपणाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. तो शब्द म्हणजे 'समतोल'.

१

शोधाची पार्श्वभूमी अठराव्या शतकातील वायुविषयक प्रयोगांची आहे. मेणबत्तीने किंवा उंदराने दूषित केलेली हवा वनस्पती पुन्हा शुद्ध करते, हे जोसेफ प्रीस्टली याने १७७१ च्या सुमारास दाखविले. वनस्पतीचे हे कार्य केवळ प्रकाशातच चालते, अंधारात तीही हवा दूषित करते, ही महत्त्वाची पुस्ती यान इंगेनहाउझ याने १७७९ मध्ये जोडली. प्राणी व वनस्पती यांचा परस्परांवर निर्वाह चालतो, ही कल्पना यातून रूढ झाली. तिचा उपयोग बंदिस्त पाण्यात करून पाहण्याचे श्रेय मुख्यतः लंडन येथील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–१८६७) यांजकडे जाते. अपॉथिकरीज सोसायटीच्या रसायनशाळेत ते काम करीत आणि १८४१ मध्ये स्थापन झालेल्या केमिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक होते.

वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये बारा-तेरा गॅलनांच्या एका काचपात्रात दोन सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, माशांनी तो घ्यावा, आणि पाणी न बदलता दोहोंचे चालावे, अशी अपेक्षा होती. आरंभी ती फळास आली नाही. वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर शेवाळी थर चढला आणि माशांच्या जिवास धोका उत्पन्न झाला. तेव्हा त्यांनी तळ्यातील काही गोगलगाई आणून पात्रात सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने व थर खाऊन टाकला, पाणी निवळले, आणि त्यांची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळू लागली. हा वृत्तान्त त्यांनी मार्च १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे वाचला.

या प्रयोगातील खरा बोध गोगलगाईंचा होता. संकट आले ते प्राणवायूच्या टंचाईतून नव्हे, तर कुजण्यातून आले, आणि ते दूर झाले ते तिसऱ्या एका जीवाच्या मध्यस्थीने. प्राणी आणि वनस्पती या दोनच पारड्यांचा हिशोब अपुरा पडतो, हे त्या पात्रानेच दाखवून दिले होते. पुढील काळात मात्र हा तिसरा घटक 'सफाई कामगार' म्हणून गौण ठरला आणि दोन पारड्यांचे चित्र तेवढे लोकांच्या मनात राहिले.

या स्थित्यंतराची खूण शीर्षकांतही सापडते. १८५० च्या निबंधाच्या शीर्षकात प्राणी व वनस्पती यांच्यातील संबंधांची जुळणी करण्याचा उल्लेख आहे. समुद्राच्या पाण्यावरील १८५३ च्या लेखाच्या शीर्षकात त्यांचा समतोल राखण्याचा आहे. 'जुळणी' हे क्रियावाचक नाम होय. ती कोणी, कशी व कोणत्या क्रमाने केली, हे प्रश्न त्याच्याबरोबर ओघानेच येतात. 'समतोल' हे स्थितिवाचक नाम आहे. ते उच्चारले की स्थिती वर्णिली जाते आणि कारण विचारावयाचे राहून जाते.

२

खाऱ्या पाण्यातील प्रयत्न याच सुमारास चालू होते. लंडन येथील ॲना थिन या बाईंनी १८४६ पासून घरात प्रवाळ जिवंत ठेवले. आरंभी उघड्या खिडकीशी उभे राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुनःपुन्हा ओतले जाई, आणि ते कष्टाचे काम घरातील मोलकरणीकडे असे. पुढे समुद्रशैवलाची जोड मिळाल्यावर ते प्रवाळ सुमारे तीन वर्षे टिकले. निसर्गाभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी १८५२ मध्ये स्वतंत्रपणे असेच प्रयोग केले. मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात माशांचे दालन लोकांसाठी खुले झाले, आणि १८५४ मध्ये गॉस यांचा 'दि ॲक्वेरियम' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

'ॲक्वेरियम' हा शब्द या ग्रंथामुळेच सर्वतोमुखी झाला. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा असा होता, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ तो पाणवनस्पतींच्या कुंडासाठी वापरीत. तोपर्यंत 'व्हिव्हेरियम' व त्याला पाण्याची जोड दिलेली लांबलचक नावे चालत असत. आटोपशीर शब्दाने ती मागे टाकली.

नाव सुटसुटीत झाले आणि छंद घरोघर पसरला. १८५० नंतरच्या दहा वर्षांत इंग्लंडमधील मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत काचेच्या टाक्या दिसू लागल्या. साठीच्या दशकात ही लाट तितक्याच वेगाने ओसरली. ओसरण्याचे एक मोठे कारण उघड होते: प्राणी मरत. त्या मृत्यूंची अनेक कारणे त्या काळच्या जाणकारांनी अचूक हेरली होती. जस्त, तांबे व शिसे पाण्यात उतरल्याने विष होते; ऊन फार लागल्यास पाणी तापते व हिरवे होते; उरलेले खाद्य कुजते; थोड्या पाण्यात फार प्राणी कोंडले जातात; भक्षक आणि भक्ष्य एका पात्रात ठेवले जातात. ही कारणे आजही खरी आहेत. परंतु ती सर्व टाळूनही नव्या टाकीतील मासे मरत, आणि मग उत्तर ठरलेले असे: समतोल साधला नाही, वनस्पती वाढवा. वनस्पती वाढवूनही मासे मेले, तर समतोल फार नाजूक असतो, असे म्हणता येई. ज्या विधानाचा कोणत्याही घटनेने बाध होत नाही, त्याचे स्पष्टीकरण म्हणून मोल किती, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारला.

व्यवहारात या मतापासून दूर सरकलेला मनुष्य विद्वत्सभेतील नव्हता. तो मत्स्यपात्रांचा व्यापारी होता. विल्यम आल्फर्ड लॉइड (१८२६–१८८०) यांनी लंडनमध्ये दुकान चालविले, हॅम्बर्ग येथील मत्स्यालय सांभाळले, आणि १८७१ मध्ये सुरू झालेल्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयाची रचना केली. तेथे प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कित्येक पटींनी मोठा अंधारा हौद तळाशी बांधलेला होता आणि त्यातील पाणी यंत्राने अहोरात्र फिरत असे. समुद्राचे तेच पाणी न बदलता दीर्घकाळ वापरावे, असा लॉइड यांचा आग्रह होता. अंधाऱ्या हौदात वनस्पती वाढत नाहीत. म्हणजे दोन पारड्यांच्या सिद्धान्ताप्रमाणे त्या पाण्याने बिघडावयास हवे होते. ते उलट सुधारत असे. हलत्या पाण्यातील सेंद्रिय मळ प्राणवायूने जळून जातो, हे लॉइड यांचे मत सत्याच्या अगदी जवळ आलेले होते. तो कोण जाळतो, एवढेच कळावयाचे राहिले होते.

३

ते कळले ते पाण्याच्या नव्हे, तर शेतीच्या व सांडपाण्याच्या अभ्यासातून. फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ यांनी १८७७ मध्ये वाळू व खडू भरलेल्या नळीतून सांडपाणी संथपणे झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया जशाचा तसा होता. नंतर त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली, आणि मातीचे धुवण घातल्यावर काही काळाने पुन्हा सुरू झाली. क्रिया निव्वळ रासायनिक असती, तर ती पहिल्या दिवशीच सुरू झाली असती आणि क्लोरोफॉर्मने थांबली नसती. ती सजीवांची होती, आणि त्या सजीवांची वस्ती वाढण्यास वेळ लागत होता.

हे काम इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात ज्यांनी पुढे नेले, त्यांचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन (१८३८–१९०७) असेच होते. सोनमासे व गोगलगाईंचा प्रयोग करणाऱ्या वॉरिंग्टन यांचे ते पुत्र. रसायनाचे प्रारंभिक शिक्षण त्यांनी वडिलांच्याच प्रयोगशाळेत घेतले होते. अमोनियाचे नायट्रेट एका टप्प्यात होत नाही; आधी नायट्राइट होते व मग नायट्रेट, आणि हे दोन टप्पे दोन वेगवेगळे जंतू पार पाडतात, हे त्यांच्या दीर्घ प्रयोगांतून स्पष्ट झाले. ते जंतू वेगळे काढणे मात्र त्यांना साधले नाही. त्या यशाचे मानकरी १८९० मध्ये मुख्यतः सर्गेई विनोग्राड्स्की ठरले.

आता हे ज्ञान वडिलांच्या काचपात्राला लावून पाहावे. मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. मळ व उरलेले खाद्य कुजूनही तोच उत्पन्न होतो. अमोनिया कल्ल्यांना इजा करतो, आणि पाणी जितके अल्कधर्मी व उबदार तितका त्याचा विषारी अंश अधिक. त्यापासून होणारे नायट्राइट रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती हिरावून घेते. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने फारच सौम्य. जुन्या पात्रातील वाळू, दगड व काच यांवर या जंतूंचा अदृश्य थर असतो. नव्या पात्रात तो नसतो, आणि जमण्यास काही आठवडे लागतात. श्लोझिंग व म्युंत्झ यांच्या नळीतील ते निष्फळ वीस दिवस म्हणजेच नव्या टाकीतील माशांच्या मृत्यूचा हंगाम होय. मासे मेले म्हणून सर्व पाणी फेकून वाळू कढत पाण्याने धुणारा मनुष्य त्या हंगामाचा पुन्हा पहिला दिवस आणतो, आणि नवे मासे त्याच दिवसात सोडतो.

४

पिता-पुत्रांची ही दोन कामे एकमेकांस पूरक असूनही दीर्घकाळ अलगच राहिली. पुत्राचा विषय 'मृदा' या खात्यात जमा झाला, पित्याचा 'छंद' या खात्यात. १९४९ मध्ये न्यूयॉर्क येथील मत्स्यतज्ज्ञ जेम्स ॲट्झ यांनी 'समतोल मत्स्यपात्र' ही कल्पना मिथ्या असल्याचे उघडपणे मांडले. माशाला लागणारा प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून हवेतूनच येऊ शकतो, त्यासाठी वनस्पतींवर विसंबण्याचे कारण नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. १९७० मध्ये स्टीफन स्पॉट यांच्या ग्रंथाने जैविक गाळणीचे तत्त्व मत्स्यालयांच्या व्यवहारात ठळकपणे आणले. नंतरच्या काळात मातीतून ओळखलेले जंतूच टाकीतही कार्य करतात, ही समजूतही तपासली गेली. गोड्या पाण्याच्या पात्रात नायट्राइटचे नायट्रेट करण्याचे काम बहुधा नायट्रोबॅक्टर नव्हे, तर नायट्रोस्पायरा करतो, असे १९९८ मधील संशोधनातून दिसून आले. म्हणजे एका नावावर विसंबण्याची चूक सुधारताना दुसऱ्या नावाच्या बाबतीत तीच झाली होती.

मराठीत 'ॲक्वेरियम'ला 'मत्स्यालय' हा प्रतिशब्द रूढ झाला. १९५१ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय अनेकांना या शब्दाने परिचित आहे. 'ग्रंथालय', 'संग्रहालय' यांच्या धाटणीचा हा समास निर्दोष आहे. लॅटिन शब्दाने पाण्यास प्राधान्य दिले, मराठी शब्दाने माशास. ज्यांच्यावाचून ते पाणी माशास राहण्याजोगे होत नाही, त्या अदृश्य रहिवाशांचा निर्देश दोहोंतही नाही. शब्दाकडून तशी अपेक्षा करणेही योग्य नव्हे. नाम हे वस्तूची ओळख पटविण्यापुरते असते. दोष उत्पन्न होतो तो ओळखीलाच उपपत्ती मानल्याने. 'समतोल ढळला' हे वाक्य मृत्यूची नोंद आहे, त्याचे कारण नव्हे. पित्याच्या पात्रातील गोगलगाईंकडे आणि पुत्राच्या मातीतील जंतूंकडे कोणी वेळीच एकत्र पाहिले असते, तर हा भेद पुष्कळ आधी ध्यानात आला असता आणि पुष्कळ मासे वाचले असते.