मोहाचे झाड आणि अबकारीचा अंमल

त्र्यंबकहून तोरंगणचा घाट उतरून मोखाड्यास आणि पुढे जव्हारास जाणाऱ्या वाटसरूच्या ध्यानी सहसा येत नाही, की घाटावरची भूमी आणि घाटाखालची भूमी भूगर्भदृष्ट्या एकच आहे. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी पृथ्वीच्या उदरातून उसळलेल्या लाव्ह्याचे थरांवर थर साचून ज्या कृष्णवर्ण पाषाणाने दख्खनचे पठार घडविले, तोच पाषाण नाशिकच्या द्राक्षमळ्यांखाली आहे आणि तोच जव्हारच्या डोंगरमाथ्यांखालीही आहे. असे असता एका बाजूस शेनँ ब्लां, सोव्हिन्यों ब्लां अशा परदेशी जातींच्या वेली रुजल्या, त्यांच्या पांढऱ्या मद्याच्या बाटल्या देशोदेशी जाऊ लागल्या आणि शासनाने 2001 साली स्वतंत्र धोरण आखून त्या उद्योगास मानाचे स्थान दिले. दुसऱ्या बाजूस मात्र त्याच पाषाणावर वाढणाऱ्या एका रानवृक्षाच्या फुलांपासून पिढ्यानपिढ्या निघणारे निर्मळ पेय शंभराहून अधिक वर्षे पंचनाम्यांत आणि मुद्देमालाच्या याद्यांत नोंदले गेले. या भेदाचा काही अंश निसर्गाने घडविला हे खरे. परंतु फार मोठा अंश कायद्याने घडविला, आणि त्याचा इतिहास सांगितला जाणे अवश्य आहे.

निसर्गाचा अंश प्रथम सांगून टाकू. नाशिकच्या आसपास वर्षाकाठी 700 मिलिमीटरांच्या जवळपास पाऊस पडतो, तर जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत तो अडीच-तीन हजारांच्या घरात जातो. द्राक्षवेलीचा मोठा शत्रू म्हणजे ओलाव्यात माजणारा बुरशीजन्य रोग, ज्यास आपले बागाईतदार केवडा म्हणतात. हा रोग अमेरिकेतून 1878 च्या सुमारास फ्रान्सात शिरला आणि त्याने तेथील मळे उजाड करण्यास आरंभ केला, तेव्हा बोर्दो येथील मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1885 साली मोरचूद व चुना यांचे मिश्रण त्यावर उपाय म्हणून प्रसिद्ध केले. तेव्हापासून आजतागायत द्राक्षबागाईत आणि फवारणी यांचे साहचर्य सुटलेले नाही. नाशिकचा शेतकरी पावसाळा सरल्यावर गोडी छाटणी करून फळाचा हंगाम कोरड्या हिवाळ्यात ओढून आणतो, आणि तरीही एखादा अवकाळी पाऊस त्याची वर्षाची कमाई हिरावून नेतो. या संकटातून मार्ग काढण्यासाठी युरोपातील संशोधकांनी अमेरिकेतील रानवेलींशी तेथील कुलीन वेलींचा संकर केला, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनेही कटावबा या अमेरिकी कुळाच्या जातीचा ब्यूटी सीडलेस या जातीशी संकर करून एआरआय-516 हे बुरशीस दाद न देणारे वाण तयार केले. रोगाशी झुंजण्याचे सामर्थ्य अखेर रानातूनच मागून आणावे लागले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

जव्हार-मोखाड्यात ते सामर्थ्य रानात मुळातच उभे होते. मोहाच्या झाडास ना ओलीत लागते, ना खत, ना फवारणी. वरकस जमिनीच्या मुरमात, नागली-वरईखेरीज दुसरे काही न येणाऱ्या उतारांवर, खडकाच्या भेगांतून खोल मुळे उतरवून ते उभे राहते. फाल्गुन-चैत्रात, पानगळ होऊन नवी पालवी फुटण्याच्या सुमारास, त्याची रसाळ, फिकट पिवळसर फुले रात्रभर टपटप गळतात, आणि उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन निघालेल्या बायका व मुले ती वेचून आणतात. अंगणात वाळविली की ती तांबूस होऊन मनुकांसारखी आकसतात. आणि वाळलेल्या फुलाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग नुसत्या शर्करेचा असल्यामुळे बाहेरून गूळ-साखर न घालताही ती पाण्यात भिजताच आंबू लागतात. आंबलेला घोळ मडक्यात घालून मंद विस्तवावर चढवावा, वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरवून पाण्याने निववावी, म्हणजे स्फटिकासारखी स्वच्छ धार सुटते. द्राक्षाचे मद्य केवळ आंबविलेले असते आणि हे ऊर्ध्वपातन केलेले, हा शास्त्रीय भेद मान्यच आहे; परंतु ज्यास आज सेंद्रिय म्हणून मोठ्या किमतीस विकतात तो गुण या पेयाच्या ठायी कोणत्याही प्रमाणपत्रावाचून होता.

शिवाय मोह हे केवळ मद्याचे झाड नव्हते. त्याची फुले भाजून वा शिजवून खाल्ली जात, बियांचे तेल दिव्याला आणि स्वयंपाकाला लागे, आणि कोठारातील नागली संपून नवे पीक हाती येईपर्यंतच्या ओढगस्तीच्या दिवसांत साठविलेली फुले कुटुंबास आधार देत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, काथोडी या जमातींच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या विधींत या पेयास स्थान होते. देवापुढे धार सोडल्याविना भगताचे कार्य पुरे होत नसे, आणि विवाहात दोन कुळांच्या जाणत्यांनी एकत्र बसून ते घेणे ही करारावरची मोहोरच मानली जाई.

ज्या प्रदेशात हे चालले होते तेथे राजसत्ताही याच डोंगरांतून उपजलेली होती. जव्हारचे मुकणे घराणे महादेव कोळ्यांचे. जयबा मुकणे याने हे राज्य स्थापिले आणि त्याचा पुत्र नेमशाह यास 1343 साली दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली अशी परंपरा आहे. पुढे इंग्रजी अमलात जव्हार हे संस्थान राहिले आणि लगतचा मोखाडा ठाणे जिल्ह्याच्या खालसा मुलखात गेला, तेव्हा एकाच रानाचे, एकाच जमातींचे आणि एकाच मोहाच्या झाडांचे दोन राज्यव्यवस्थांत विभाजन झाले.

कंपनी सरकारच्या काळी दारूचा मक्ता लिलावाने दिला जाई आणि मक्तेदाराच्या हाताखाली गावोगाव लहान भट्ट्या चालत. त्या व्यवस्थेतही जुलूम होता, तथापि भट्टी गावाच्या आसपास होती आणि फूल गावचेच होते. 1878 साली मुंबई इलाख्यात नवा अबकारी कायदा आला. त्याचे प्रमुख पुरस्कर्ते चार्ल्स प्रिचर्ड यांचे धोरण असे, की लहान भट्ट्या बंद करून दारूचे उत्पादन थोड्या मोठ्या कारखान्यांत एकवटावे आणि तेथेच गॅलनमागे कर बसवून महसूल वाढवावा. त्यानुसार उरणच्या मोठ्या भट्ट्यांतून, पंचमहालांसारख्या दूरच्या प्रदेशांतून आगगाडीने आणविलेल्या मोहाच्या फुलांची दारू निघू लागली, आणि ज्याच्या दारी मोहाचे झाड होते त्यानेच तीच दारू मक्तेदाराच्या गुत्त्यावर रोकड मोजून विकत घ्यावी, असा प्रसंग आला. योगायोगाने भारतीय वन कायदाही 1878 चाच. म्हणजे एकाच वर्षात रानावरचा हक्क आणि रानातील फुलावरचा हक्क या दोहोंवर सरकारी अंमल बसला. रानासंबंधी ठाणे-कुलाब्यात एवढा असंतोष माजला, की सरकारला 1885 साली वन आयोग नेमावा लागला. फुलासंबंधी मात्र सरकारने पाऊल पुढेच टाकले.

मोहाचे फूल घरी असेल तोवर चोरून दारू गाळली जाणारच, या तर्काने 1892 साली मुंबई सरकारने ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचाच स्वतंत्र कायदा केला, आणि फुले जमविणे, बाळगणे, विकणे यांवर निर्बंध घातले. दारूवर कर बसविणे हा राज्यकर्त्यांचा जुना अधिकार म्हणता येईल. परंतु झाडावरून आपोआप गळून पडलेले फूल वेचणे हाच अपराध ठरविणे, ही माझ्या मते अबकारीच्या इतिहासातील सर्वांत कठोर गोष्ट होय. कारण त्या फुलात जसे मद्य होते तसे अन्नही होते, आणि कायद्याने दोहोंत विवेक केला नाही.

याचा परिणाम असा झाला, की गुत्तेवाला हाच गावचा सावकार बनला. उधारीच्या दारूचे खाते आणि लग्नाच्या कर्जाचे खाते एकाच वहीत चढू लागले, आणि त्या वहीच्या आधारे जमिनी गेल्या व वेठबिगार आली. दारूने आदिवासी बुडाला असे आपण म्हणत आलो आहोत, आणि दारूने झालेली घरांची धूळधाण, विशेषतः स्त्रियांनी सोसलेली, नाकारण्याचा माझा हेतू मुळीच नाही. परंतु त्यास बुडविणारी दारू पुष्कळ अंशी त्याने स्वतः गाळलेली नव्हती, ती गुत्त्यावर विकत घेतलेली होती, हेही सांगितले पाहिजे.

1948 साली जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा आला. हेतू उदात्त होता, पण त्या कायद्यातही मोहाच्या फुलांवरील निर्बंध कायम राहिले. घरची भट्टी रानाच्या आडोशास गेली, आंबविण्याचा काळ चोरीमुळे आखूड झाला, आणि घाईने गाळलेल्या मालात नवसागरासारखी द्रव्ये मिसळली जाऊ लागून मूळचे निर्दोष पेय खरोखरच अपायकारक झाले.

पुढे 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना गौण वनोपजावर मालकी आणि मादक पदार्थांच्या नियमनाचा अधिकार दिला. जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके त्या क्षेत्रात मोडतात. 2021 साली महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, साठविणे व त्यांची वाहतूक करणे यांवरील निर्बंध उठविले. फुलास न्याय मिळाला, परंतु फुलापासून पेय करणाऱ्या हातांस अजून तो मिळावयाचा आहे. 2001 च्या धोरणाने द्राक्ष बागाईतदारास अबकारी करात सवलत दिली, विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभारून दिले आणि त्याच्या मद्यास कृषिप्रक्रिया उद्योगाची प्रतिष्ठा दिली. तेच औदार्य जव्हार-मोखाड्याच्या ग्रामसभांस दाखविले जावे. त्यांना नाममात्र शुल्कावर लहान भट्ट्यांचे परवाने द्यावेत, मालाच्या शुद्धतेच्या तपासणीची व्यवस्था शासनाने करावी, आणि गावात भट्टी असावी की नसावी याचा निर्णय गावच्या स्त्रियांच्या संमतीवाचून होऊ नये.