नऊ पिनांचे सॉकेट आणि बिनतारी कंट्रोलर

1970च्या दशकाच्या अखेरीस घरगुती संगणक बाजारात येऊ लागले. यातील बहुतेकांना स्वतःचा पडदा नसे. ते घरातल्या टीव्हीलाच जोडत. प्रोग्रॅम साध्या ऑडिओ कॅसेटवरून भरता येत. अभ्यास, हिशेब आणि प्रोग्रॅमिंग यांच्या जोडीने या यंत्रांवर खेळही भरपूर चालत आणि खेळासाठी जॉयस्टिक लागे. आज चाळीसहून अधिक वर्षांनी याच संगणकांवर ब्लूटूथचे बिनतारी कंट्रोलर चालवले जातात. संगणकात किंवा खेळात काहीही न बदलता हे जमते, याचे श्रेय जॉयस्टिकच्या जुन्या सॉकेटला आहे.

हे सॉकेट रूढ केले अटारी कंपनीच्या 1977च्या व्हिडिओ गेम यंत्राने, म्हणजे पुढे अटारी 2600 या नावाने ओळखल्या गेलेल्या यंत्राने. त्याच्या जॉयस्टिकमध्ये फक्त पाच स्विच होते: चार दिशांचे चार आणि फायर बटणाचा एक. दांडी कलली की त्या बाजूचा स्विच दाबला जाई आणि त्याची पिन ग्राउंडला जोडली जाई. पिन 1 ते 4 वर, खाली, डावी आणि उजवी या दिशांसाठी होत्या. पिन 6 फायरची, 8 ग्राउंडची, तर 7 पाच व्होल्टची. उरलेल्या 5 आणि 9 गोल फिरवायच्या पॅडलसाठी होत्या. अटारी 400 आणि 800, कमोडोरचे व्हिक-20 आणि कमोडोर 64, पुढे अमिगा आणि अटारी एसटी या संगणकांनी हीच मांडणी उचलली. त्यामुळे एका कंपनीची जॉयस्टिक दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर चालू लागली.

काही संगणकांची वाट वेगळी होती. 1982च्या सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रमला जॉयस्टिकचे सॉकेटच नव्हते. केम्पस्टन कंपनीचे इंटरफेस मागच्या बाजूला लावले की जॉयस्टिकची स्थिती पोर्ट 31 वर पाच बिटांत वाचता येई. सिंक्लेअरच्या स्वतःच्या इंटरफेस 2 मध्ये जॉयस्टिक हलवली की संगणकाला अंकांच्या कळा दाबल्यासारखे वाटे. 1981च्या बीबीसी मायक्रोमध्ये 15 पिनांचे अ‍ॅनालॉग सॉकेट होते. दांडी किती कलली, हे त्यातील बदलत्या व्होल्टेजवरून मोजले जाई.

भारताशी यातील दोन संगणकांचा जवळून संबंध आला. शाळांसाठी 1984 मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या केंद्र सरकारच्या संगणक साक्षरता प्रकल्पासाठी बीबीसी मायक्रोची निवड झाली. त्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्यावर ‘डीबी स्पेक्ट्रम’ हा संगणक भारतात आणला. टीव्ही मुंबईत 1972 मध्ये आणि पुण्यात 1973 मध्ये पोहोचला होता, त्यामुळे अशा संगणकाला लागणारा पडदा अनेक शहरी घरांत आधीच होता.

तार काढून टाकण्याचा प्रयत्नही जुनाच. अटारीने 1983 मध्ये रेडिओवर चालणाऱ्या जॉयस्टिकची जोडी काढली. बॅटरी आत बसवायची असल्याने त्यांचा तळ नेहमीच्या जॉयस्टिकपेक्षा बराच मोठा होता. निन्टेन्डोच्या 2002च्या वेव्हबर्डने बिनतारी कंट्रोलर विश्वासार्ह ठरवला. 2006 मध्ये निन्टेन्डो वी आणि प्लेस्टेशन 3 यांच्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ आले.

जुना संगणक आणि नवा कंट्रोलर यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी चिप 2016 मध्ये स्वस्तात मिळू लागली. ईएसपी32 या मायक्रोकंट्रोलरमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही आहेत, शिवाय 520 किलोबाइट स्मृती आहे; कमोडोर 64 ची सारी स्मृती 64 किलोबाइट. ब्लूपॅड32 आणि ब्लूरेट्रो हे मुक्त स्रोत प्रकल्प याच चिपवर उभे आहेत. लोणावळ्याजवळच्या औंढ्यातल्या हौशी माणसालाही ही चिप बसवलेला बोर्ड दुर्मीळ नाही. त्यासाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली हे दोन्ही इलेक्ट्रॉनिक्सचे बाजार आहेत. मात्र खरेदी करताना मूळ ईएसपी32 निवडावा. एस3 आणि सी3 या नव्या प्रकारांत फक्त कमी ऊर्जेचे ब्लूटूथ आहे आणि जुने ब्लूटूथ वापरणारे अनेक कंट्रोलर त्यांच्याशी जोडले जात नाहीत.

या चिपवर बनवलेला अडॅप्टर कंट्रोलरकडून बटणांची स्थिती घेतो आणि त्याप्रमाणे सॉकेटची योग्य पिन ग्राउंडला जोडतो. संगणकाच्या दृष्टीने तो पाच स्विचच दाबत असतो. चिप 3.3 व्होल्टवर चालते आणि जुने सॉकेट 5 व्होल्टवर, म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर किंवा ऑप्टोकपलर घालतात. त्यामुळे पिन फक्त खाली ओढली जाते, वर ढकलली जात नाही. कमोडोर 64 मध्ये जॉयस्टिक आणि कीबोर्ड एकाच चिपच्या तारा वाटून घेतात, तेव्हा ही काळजी यंत्राचे रक्षण करते. वीजपुरवठ्याचेही तसेच आहे. कमोडोर 64 च्या सॉकेटमधून 50 मिलिअँपिअरपर्यंतच वीज घेण्याची मर्यादा त्याच्या पुस्तिकेत आहे, तर ब्लूटूथ चालू असताना ईएसपी32 ला त्याहून जास्त लागते. म्हणून अडॅप्टरला यूएसबीवरून वेगळी वीज देणे सुरक्षित.

बटणांच्या जुळवणीतून खेळणाऱ्याला प्रत्यक्ष फायदा होतो. जुन्या जॉयस्टिकला एकच बटण असल्यामुळे कितीतरी खेळांत उडी मारायला दांडी वर करावी लागे. अडॅप्टरमध्ये ‘वर’ हा संकेत एखाद्या बटणाला दिला की उडी अंगठ्याखाली येते आणि हाताची थरथर किंवा दुखणे असलेल्यांनाही खेळ सोपा होतो. कंट्रोलरची अ‍ॅनालॉग दांडी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की दिशेचा स्विच दाबला, असे मानले जाते. बीबीसी मायक्रोसाठी मात्र उलटे काम करावे लागते: कंट्रोलरने पाठवलेला आकडा डिजिटल-अ‍ॅनालॉग परिवर्तकातून बदलत्या व्होल्टेजमध्ये आणावा लागतो.

भारतातही वापरल्या गेलेल्या पाल या टीव्ही पद्धतीत पडदा सेकंदाला 50 वेळा रेखाटला जातो, म्हणजे एक चित्र 20 मिलिसेकंदांचे. बिनतारी जोडणीचा उशीर त्याहून कमी राहिला तर तो बहुधा जाणवत नाही. तो वाढला की नेमक्या क्षणी मारायची उडी चुकते. स्पर्धात्मक खेळासाठी म्हणूनच तारेची जॉयस्टिक अजूनही वापरात आहे.

अडॅप्टर काढला की संगणक पूर्वीसारखाच उरतो, आवरण उघडावे लागत नाही आणि मूळ जॉयस्टिक पुन्हा लावता येते. संग्रहातले यंत्र चालू ठेवण्याची ही सर्वांत निर्धोक पद्धतींपैकी एक आहे. ती शक्य झाली कारण त्या काळच्या उत्पादकांनी सॉकेटची रचना सोपी ठेवली आणि पिनांचे तक्ते ग्राहकांच्या पुस्तिकांत छापले.