कासवांचे जंत : वावडिंगाआधी विष्ठेची तपासणी

लहान मुलाच्या पोटात जंत झाल्याची शंका आली की मराठी घरांत वावडिंगाची आठवण होते. पपईच्या बिया, लसूण, लाल भोपळ्याच्या बिया, कारल्याचा रस हे उपायही पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील सदनिकांमध्ये आता कुत्र्या-मांजरांच्या जोडीला कासवे, इग्वाना, बॉल पायथन यांसारखे सरपटणारे परदेशी प्राणीही दिसू लागले आहेत. त्यांचे जंत पाडण्यासाठीही हेच घरगुती उपाय वापरले जातात. जे माणसाला चालते ते कासवालाही चालेल आणि जे वनस्पतिजन्य आहे ते निर्धोकच असेल, अशी दोन गृहीतके यामागे असतात. ही दोन्ही गृहीतके तपासून पाहणे आवश्यक आहे. कारण कासवाचा आजार फार सावकाश दिसू लागतो आणि तो लक्षात येईपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो.

प्रत्येक जंत शत्रू नव्हे

जमिनीवरील कासवांच्या आतड्यात ऑक्सियुरिड गटातील सूत्रकृमी सर्रास आढळतात. माणसाच्या मुलांना होणाऱ्या बारीक पांढऱ्या कृमींचे हे नातलग होत. थोड्या संख्येने असलेले हे कृमी निरोगी कासवाला सहसा अपाय करत नाहीत. शाकाहारी कासवाच्या मोठ्या आतड्यात चारा आंबवून पचवला जातो आणि तेथे सूक्ष्मजीव व एकपेशीय आदिजीव यांची मोठी वस्ती असते. या वस्तीतील अनेक आदिजीव निरुपद्रवी असतात. त्यामुळे विष्ठेत काही अंडी किंवा हालचाल करणारे आदिजीव दिसले, म्हणजे लगेच औषध सुरू करावे असे नाही.

काही परोपजीवी मात्र खरोखर धोकादायक असतात. कासवांतील मोठे गोलकृमी संख्येने वाढल्यास आतड्याचा मार्ग अडवू शकतात. बिअर्डेड ड्रॅगन या ऑस्ट्रेलियन सरड्यात कॉक्सिडिया नावाचे आदिजीव वाढले की पिल्ले अशक्त होतात, त्यांना हगवण लागते. क्रिप्टोस्पोरिडियममुळे सापांच्या जठराचे अस्तर जाड होते आणि साप गिळलेले भक्ष्य ओकून टाकू लागतो. बिबट्या गेको पालीत याच गटातील आदिजीव आतड्यावर हल्ला करून तिची शेपटी काडीसारखी बारीक करतो. ‘एन्टामिबा इन्वेडन्स’ हा अमीबा अनेक कासवांमध्ये कोणतेही लक्षण न दाखवता राहतो. पण तोच साप किंवा सरड्याच्या पोटात गेल्यास प्राणघातक ठरू शकतो. म्हणूनच कासव आणि साप यांना एका पेटीत ठेवणे किंवा दोघांसाठी एकच पाण्याचे भांडे वापरणे अयोग्य मानले जाते.

चार फुटांच्या पेटीतील चक्र

ऑक्सियुरिड कृमींना दुसऱ्या प्राण्याच्या मध्यस्थीची गरज नसते. अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात, जमिनीवर परिपक्व होतात आणि चाऱ्याबरोबर पुन्हा कासवाच्या पोटात जातात. निसर्गात कासव चरत चरत दूर निघून जाते; विष्ठा पडली त्याच जागी ते रोज जेवत नाही. घरातील कासवाला मात्र तेवढ्याच चार फुटांच्या पेटीत खावे, झोपावे आणि मलविसर्जन करावे लागते. त्यामुळे तेच कृमी त्याच्या शरीरात पुन:पुन्हा शिरतात आणि निरुपद्रवी असलेली संख्या हळूहळू आजाराच्या पातळीवर पोहोचते. पावसाळ्यात ओलसर राहणारी माती या चक्राला अधिकच पोषक ठरते.

‘नैसर्गिक’ औषधांचा हिशेब

घरगुती उपायांमागे काहीच तथ्य नाही, असे म्हणता येणार नाही. पपईच्या चिकातील प्रथिने विरघळवणारी विकरे कृमींच्या बाह्य आवरणाला इजा करतात, असे प्रयोगशाळेत आणि उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. लाल भोपळ्याच्या बियांत कुकुर्बिटिन, तर वावडिंगात एम्बेलिन हे घटक असतात. मात्र चीक काढून मोजून देणे आणि पपईची फोड कासवापुढे ठेवणे यांत मोठे अंतर आहे. यांपैकी कोणत्याही उपायाची कासवासाठी सुरक्षित आणि परिणामकारक अशी मात्रा प्रस्थापित झालेली नाही.

काही उपाय तर उलटच परिणाम करू शकतात. सुल्काटासारख्या गवत खाणाऱ्या कासवाला पपई वा अन्य गोड फळे वारंवार दिल्यास आतड्यातील आंबवण्याची प्रक्रिया बिघडते आणि आदिजीवांची संख्या वाढण्यास वाव मिळतो. लसणामुळे कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, हे सिद्ध झालेले आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी तो निर्धोक असल्याचा पुरावा नाही. ‘डायटोमेशियस अर्थ’ ही सिलिकायुक्त भुकटी कीटकांना शुष्क करून मारते. ओल्या आतड्यात तिचा तसा उपयोग होण्याचे कारण नाही आणि श्वासातून गेल्यास ती त्रासदायक असते.

वनस्पतिजन्य म्हणजे सौम्य, ही समजूत माणसांच्या बाबतीतही महागात पडलेली आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अंकुशकृमी आणि गोलकृमींवर चंदनबटव्याच्या जातभाई असलेल्या एका वनस्पतीचे तेल, म्हणजे चेनोपोडियम तेल, मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. ते परिणामकारक होते. परंतु परिणामकारक मात्रा आणि विषारी मात्रा यांत फारसे अंतर नव्हते. त्यातून मृत्यू ओढवले आणि सुरक्षित औषधे येताच ते मागे पडले.

दुकानातील औषधही घातक

घरगुती उपाय फसल्यावर काही जण कुत्र्याच्या किंवा माणसाच्या जंताच्या गोळीकडे वळतात. येथे सर्वांत मोठा धोका आयव्हरमेक्टिनचा आहे. या औषधाच्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. माणसे आणि गुरे यांच्यासाठी ते वरदान ठरले. कासवांसाठी मात्र ते विष आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या मात्रेहून कमी मात्रेतही कासवांचे स्नायू लुळे पडतात आणि श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो, हे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले. त्यामुळे कोणत्याही कासवाला हे औषध तोंडाने, इंजेक्शनने वा फवारणीनेही देऊ नये.

गोलकृमींवर पशुवैद्यक प्रामुख्याने फेनबेंडाझोलचा वापर करतात. पण तेही निरुपद्रवी नाही. हर्मन कासवांवरील अभ्यासात या औषधानंतर पांढऱ्या पेशी घटल्याचे आढळले आहे. म्हणूनच अंडी दिसली नसताना ‘दर सहा महिन्यांनी एक गोळी’ हा कुत्र्यांचा नियम कासवांना लावणे चुकीचे ठरते. मात्रा वजनावर ठरते आणि अचूक वजनाशिवाय ती ठरवता येत नाही.

तपासणी कशी होते?

विष्ठेची तपासणी स्वस्त, सोपी आणि प्राण्याला कोणताही त्रास न देणारी असते. नमुना ताजा असावा. कोमट, उथळ पाण्यात कासवाला वीस-तीस मिनिटे ठेवल्यास ते बहुधा मलविसर्जन करते. पाण्यातील कासवासाठी टाकीऐवजी वेगळे स्वच्छ टब वापरावे. नमुना चमच्याने उचलून झाकणाच्या स्वच्छ डबीत ठेवावा. तो वाळू देऊ नये आणि गोठवूही नये. विष्ठेसोबत येणारा पांढरा खडूसारखा भाग मूत्रातील युरेटचा असतो. तपासणीसाठी त्याचा उपयोग होत नाही. आदिजीवांची हालचाल थोड्याच वेळात थांबते, म्हणून नमुना शक्यतो काही तासांतच पोहोचवावा.

प्रयोगशाळेत दोन परीक्षा केल्या जातात. कोमट सलाइनमध्ये मिसळलेला विष्ठेचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की जिवंत आदिजीव दिसतात. दुसऱ्या परीक्षेत विष्ठा मिठाच्या किंवा साखरेच्या दाट द्रावणात मिसळतात. कृमींची हलकी अंडी वर तरंगतात आणि काचपट्टीवर घेऊन मोजता येतात. क्रिप्टोस्पोरिडियमसाठी खास रंजन-पद्धत किंवा पीसीआर चाचणी लागते. अंडी रोज बाहेर पडतीलच असे नाही, त्यामुळे एका नमुन्यात काही न आढळल्यास निश्चिंत न होता काही दिवसांच्या अंतराने दोन-तीन नमुने तपासावेत. उपचारानंतरची फेरतपासणीही तितकीच महत्त्वाची असते.

घरच्या घरीही बरेच काही कळते. स्वयंपाकघरातील वजनकाट्यासारखा एक स्वतंत्र काटा घेऊन दर आठवड्याला कासवाचे वजन नोंदवावे. सतत घटणारे वजन, न पचलेला चारा, दुर्गंधीयुक्त पातळ विष्ठा, मंदावलेली भूक ही लक्षणे दिसल्यास थांबू नये. सापाच्या डोळ्यांभोवती आणि हनुवटीखालच्या घडीत काळे बारीक ठिपके दिसले, किंवा तो तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसू लागला, तर रक्त शोषणाऱ्या माइटची शंका घ्यावी. ओल्या पांढऱ्या कागदाने साप अलगद पुसल्यास हे ठिपके कागदावर येतात. कासवाच्या पायांच्या आणि मानेच्या घड्यांत गोचीड आहे का, हेही पाहावे.

खरा नैसर्गिक उपाय

औषधाविना जंत रोखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्यांचे चक्र तोडणे. विष्ठा रोज उचलणे, चारा जमिनीवर न टाकता धुता येणाऱ्या फरशीवर वा ताटलीत देणे, पाणी रोज बदलणे, पेटीतील माती ठरावीक काळाने बदलून पेटी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवणे, ही ती साधी पथ्ये होत. उपचार सुरू असताना मातीऐवजी वर्तमानपत्राचा कागद अंथरावा. नवीन प्राणी किमान दोन ते तीन महिने वेगळा ठेवावा आणि त्याची भांडी स्वतंत्र असावीत. या प्राण्यांची रोगप्रतिकारशक्ती बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर अवलंबून असते. योग्य तापमान, अतिनील किरणांचा प्रकाश आणि तंतुमय आहार मिळाला तर ते थोडे कृमी स्वत:च आटोक्यात ठेवतात.

स्वच्छता माणसांसाठीही आवश्यक आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणू पसरतात. मुलांना होणाऱ्या या संसर्गामुळेच अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. कासव हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि त्याची भांडी स्वयंपाकघरातील मोरीत घासू नयेत.

लपवलेले कासव, हुकलेले उपचार

घरगुती औषधांचा आधार घेण्यामागे कधी कधी कायद्याची भीतीही असते. चांदणीच्या नक्षीचे भारतीय स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असून ते घरी पाळणे गुन्हा आहे. समृद्धी येते या समजुतीने ते चोरून आणले जाते आणि आजारी पडल्यावर पशुवैद्यकाकडे नेण्याचे धाडस कोणी करत नाही. असे कासव वन विभागाच्या स्वाधीन करणे हाच योग्य मार्ग होय. आंतरराष्ट्रीय कराराखाली येणाऱ्या परदेशी जातींसाठी कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार नोंदणी आवश्यक आहे.

कंटाळा आला म्हणून लाल कानाचे अमेरिकन स्लायडर कासव तलावात सोडणे हा त्याहून वाईट मार्ग आहे. युरोपात अशा सोडून दिलेल्या कासवांबरोबर आलेले परोपजीवी तेथील स्थानिक कासवांत आढळले आहेत. घरातील जंताचा प्रश्न तलावात सोडला, तर तो सोडवणे मग कोणाच्याच हाती राहत नाही. घरात आहे तोवर मात्र त्याची सुरुवात एका लहानशा डबीतील ताज्या नमुन्याने करता येते.