डिचोली

डिचोली : गोवा राज्यातील उत्तर गोवा जिल्ह्याच्या याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण व लोहखनिजाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले गाव. लोकसंख्या १६,९८६ (२०११). पणजीच्या ईशान्येस सु. ३० किमी.वर, मांडवीला मिळणाऱ्या डिचोली नदीच्या काठी ते वसले आहे. जुन्या कागदपत्रांत हा प्रदेश भतग्राम महाल या नावाने येतो.

डिचोलीचे नाव आज खाणींशी जोडले गेले असले, तरी गावाचा इतिहास खाणीहून पुष्कळ जुना आहे. जवळची लामगाव व हरवळे येथील जांभ्या दगडात कोरलेली लेणी प्राचीन वस्तीची साक्ष देतात. गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर. त्याचे मूळ स्थान दिवाडी बेटावर होते. पोर्तुगिजांनी तेथील मंदिराचा विध्वंस केल्यावर देव नदीपलीकडे डिचोली महालातील नार्वे येथे नेण्यात आला. १६६८ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तेथे मंदिर बांधले गेल्याचा शिलालेख प्रवेशद्वारावर आहे. राज्य शासनाने या वास्तूचा केलेला जीर्णोद्धार २०२३ मध्ये पूर्ण झाला. संभाजी महाराजांच्या आश्रयास आलेला औरंगजेबाचा पुत्र अकबर काही काळ डिचोलीस राहिला होता. गावातील नमाजगाह नावाची वास्तू परंपरेने त्या काळाशी जोडली जाते.

आदिलशाही, मराठे, सावंतवाडीकर भोसले आणि पोर्तुगीज यांच्या सरहद्दीवर असल्याने या महालाचे स्वामित्व वारंवार बदलले. १७८१ ते १७८८ या काळात डिचोली, सत्तरी व पेडणे हे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे कायमचे गेले व ‘नव्या काबिजादी’त मोडू लागले. धर्म व चालीरीती यांत हात न घालण्याचे धोरण येथे स्वीकारले गेल्यामुळे तिसवाडी, बारदेश व साष्टी या जुन्या काबिजादीप्रमाणे मंदिरांचा संहार झाला नाही. म्हणून पोर्तुगीज अमलाखाली पावणेदोनशे वर्षे राहूनही डिचोलीचा तोंडवळा देवळांचा, मराठी कीर्तन-नाटकांचा व बाजारपेठेचा राहिला. पितळी समया घडविणारे कासार व मातीची भांडी करणारे कुंभार यांच्यामुळे गावाला नाव मिळाले, ते खाणीपूर्वीच.

खाणींचा उदय : डिचोली परिसरातील पट्टित लोहखनिजाच्या थरांवर जांभ्याचे कवच आहे. त्याखाली खनिजाचे खडे व मऊ निळसर भुकटी सापडते. गोव्यातील या खडकसमूहाच्या एका भागाला भूवैज्ञानिकांनी डिचोलीचेच नाव दिले आहे. वसाहतींतील खाणींविषयीचा पोर्तुगीज हुकूमनामा १९०६ सालचा. त्यानुसार गोव्यातील पहिली सनद १९२९ मध्ये दिली गेली. तथापि, सनदा बराच काळ कागदावरच राहिल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना खनिजाची निकड भासू लागली, तेव्हा चित्र पालटले. शिरगावच्या खाणीसाठी चौगुले यांच्या कंपनीने १९५१ च्या सुमारास जपानी भांडवल व यंत्रसामग्री मिळविली. इटालियन भांडवलाची सेसा गोवा ही कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली. धेंपे यांची खाण डिचोलीतच होती. भारताने १९५० च्या दशकात गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली असता पोर्तुगीज शासनाला या निर्यातीचा मोठाच आधार मिळाला. १९५० साली लाख टनांच्या आत असलेली गोव्याची लोहखनिज निर्यात १९६० पर्यंत पन्नास लाख टनांपुढे गेली.

प्रारंभी पहार व पिकास यांनी खणून टोपल्यांतून खनिज वाहिले जाई आणि या कष्टात स्त्रियांचा वाटा मोठा होता. पुढे यंत्रे व टिपर आले. खाणीवरून ट्रकने नदीच्या धक्क्यावर, तेथून बार्जमधून मांडवीवाटे मुरगाव बंदरावर व तेथून जहाजाने परदेशी, असा हा प्रवास असे. गोव्याच्या अंतर्गत नद्यांनी या धंद्यास जी सोय करून दिली, तीमुळेच तुलनेने कमी प्रतीचे हे खनिजही परवडले.

डिचोलीत प्रत्यक्ष पोर्तुगीज खाणकाम जेमतेम दहा-बारा वर्षांचे. परंतु पोर्तुगीज सनदा मात्र त्या राजवटीनंतर दीर्घकाळ टिकल्या. त्या मुदतीविना दिलेल्या असल्याने १९६१ नंतरही सनदधारकांचे हक्क चालू राहिले. संसदेने १९८७ मध्ये कायदा करून त्या रद्द केल्या व २० डिसेंबर १९६१ पासून त्यांना खाणपट्टे मानले. धारकांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले आणि खोदाई चालूच राहिली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी चीनची मागणी वाढली, तेव्हा हलक्या प्रतीचा मालही खपू लागला व गोव्याची वार्षिक निर्यात सु. पाच कोटी टनांवर पोहोचली. शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये खाणकाम थांबले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पट्ट्यांची मुदत २००७ सालीच संपल्याचा निर्णय दिला. पुढे केलेली नूतनीकरणेही २०१८ मध्ये रद्द ठरविली.

खाणींनी गावाला रोजगार, ट्रकमालकांचा वर्ग व पैसा दिला. मोबदल्यात काय गेले, हे शिरगावला स्पष्ट दिसते. लईराई देवीच्या जत्रेत वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री व्रतस्थ धोंड निखाऱ्यांवरून चालत जातात, त्या गावाला खाणींच्या खड्ड्यांनी वेढले. खड्डे भूजलपातळीच्या खाली गेले, त्यांतील पाणी उपसावे लागले आणि विहिरी आटल्या. मातीचे ढिगारे पावसात धुपून शेतांत व ओढ्यांत उतरले. लोककथेनुसार लईराई, मुळगावची केळबाय व मयेची महामाया या बहिणी. या तिन्ही गावांच्या जमिनी खाणपट्ट्यांत अडकल्या, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. मये गावाच्या बाबतीत तर जमिनीच्या मालकीचा निराळाच पेच होता : पोर्तुगीज काळी ते एका सरदार घराण्याला दिलेले असल्याने १९६१ नंतर तेथील जमिनी निर्वासितांची मालमत्ता ठरल्या व कसणाऱ्या रहिवाशांना हक्कासाठी २०१४ च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले.

डिसेंबर २०२२ मध्ये गोव्यात प्रथमच खाणपट्ट्यांचा लिलाव झाला. त्यांतील डिचोलीचा पट्टा वेदांत कंपनीने घेतला व २०२४ मध्ये तेथे पुन्हा खोदाई सुरू झाली. घरे, देवळे, शेते व तळी पट्ट्याच्या सीमेबाहेर काढावीत, अशी मागणी मुळगाव व शिरगाव येथील ग्रामस्थांनी शासनाकडे व न्यायालयात केली आहे.